खासगी गुप्तहेराची गैरहजेरी : रहस्यकथा, तंबू आणि मराठी चित्रपट

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, माळशिरस तालुक्यात, पुणे-पंढरपूर रस्त्यावर नातेपुते हे बाजाराचे गाव आहे. आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी सातारा जिल्हा ओलांडून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते आणि तिचा पुढचा मुक्काम नातेपुत्यास पडतो. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा भरते, आणि मुंगी घाटातून वर चढणाऱ्या कावडी ह्याच मुलखातून जातात. भक्तीच्या ह्या दोन वाटा अभ्यासकांच्या परिचयाच्या आहेत. त्याच वाटांनी आणखी एक गोष्ट गावोगाव फिरली आणि तिची नोंद मात्र फारशी कोणी ठेवली नाही. ती म्हणजे फिरता चित्रपट, लोकांच्या भाषेत ‘तंबू’. पावसाळ्यात तंबू उभा राहत नाही. त्यामुळे आषाढीच्या गर्दीचा त्याला उपयोग नसे. त्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होई आणि चैत्र-वैशाखातील जत्रांपर्यंत चाले. ट्रकवर प्रक्षेपक, जनरेटर, कनाती आणि रिळांचे डबे लादून ही मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात.

मराठी साहित्याच्या व चित्रपटाच्या इतिहासात एक कोडे आहे, आणि ते ह्या तंबूत बसल्याशिवाय सुटत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी वाचकाने खासगी गुप्तहेरावर जेवढे प्रेम केले तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या कल्पित पुरुषावर केले असेल. तरीही मराठी चित्रपटात हा गुप्तहेर जवळजवळ आलाच नाही. मारामारी आली, विनोद आला, चोर आले, खजिने आले, भुताचे बंगले आले. पैसे घेऊन किंवा हौसेखातर सत्य शोधणारा, सरकारी पगार न खाणारा माणूस तेवढा आला नाही. आर्थिक दृष्टीने पाहिले तर हा प्रकार उलटाच म्हणावा लागेल. एक खोली, एक मेज, एक दूरध्वनी आणि एक विसराळू सहायक एवढ्यावर ज्याचा संसार उभा राहतो, अशा नायकाइतका स्वस्त नायक दुसरा कोणता? गरीब मराठी निर्मात्याने त्याला हाताशी धरायला हवे होते.

छापील पानांवरचा त्याचा प्रवास प्रथम पाहिला पाहिजे. गो. ना. दातार ह्यांनी इंग्रज कादंबरीकार रेनल्ड्स ह्याच्या अद्भुतरम्य कथांना ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशी मराठी रूपे दिली, तेव्हा भुयारे, तळघरे आणि वेषांतरे ह्यांची गोडी मराठी वाचकाला लागली. मात्र त्या कथांतील रहस्य दरबाराचे व सरदारवाड्याचे होते. ते शहरात आणले बाबूराव अर्नाळकरांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. १९९६ साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा जमा होत्या. झुंजार, त्याची विजया आणि नेताजी, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही नावे त्या काळच्या शाळकरी मुलांना शिक्षकांच्या नावांइतकीच पाठ असत. पुढे गुरुनाथ नाईकांनी ह्याच वेगाने लिहिले. सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद ह्यांना अधिक चुरचुरीत भाषा दिली. भाडोत्री वाचनालये, एस.टी. स्थानकावरील पुस्तकांचे स्टॉल आणि एका प्रतीचे दहा हात, हा त्या वाङ्मयाचा खरा प्रसार. नातेपुत्यासारख्या गावापर्यंत ते पोचण्यास ग्रंथालय संचालनालयाची गरज नव्हती; बसचा वाहक पुरेसा होता.

मराठी समीक्षेने ह्या वाङ्मयाकडे दोन प्रकारे पाहिले. एक म्हणजे न पाहणे. दुसरे म्हणजे ‘ह्यामुळे लोकांना वाचनाची सवय लागली’ असे म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारणे. दुसरा प्रकार अधिक अपमानकारक आहे. जिन्याची पायरी म्हणून ज्याचे कौतुक होते त्याच्या आत काय आहे, हे विचारण्याचे कष्ट मग कोणी घेत नाही. अर्नाळकरांच्या कथेत एक ठाम सामाजिक भूमिका आहे. गुन्ह्याचा शोध घेण्याचा अधिकार सरकारापाशी असला तरी ती कुवत सरकारापाशी असतेच असे नाही. ती एखाद्या सामान्य, स्वतंत्र नागरिकापाशी असू शकते. पोलीस अधिकारी तेथे मूर्ख नसतो, बहुधा मित्रच असतो, परंतु तो उशिरा येतो. झुंजार तर कायद्याच्या पलीकडच्या बाजूस उभा राहून न्याय करतो. वसाहतीच्या राज्यात वाढलेल्या वाचकाला ही कल्पना का सुखावत असेल हे सांगण्यासाठी मोठ्या सिद्धांताची जरुरी नाही.

आता चित्रपट. मराठी माणसाने कमी पैशात काढलेल्या मारधाडीच्या विनोदी चित्रपटांचा विचार करू लागताच पहिले नाव भगवान आबाजी पालव ह्यांचे घ्यावे लागते. अमरावतीत १९१३ साली जन्मलेला, मुंबईच्या गिरणगावात वाढलेला हा गिरणी कामगाराचा मुलगा मूकपटांच्या अखेरच्या काळात ह्या धंद्यात आला आणि १९३८ च्या ‘बहादूर किसान’पासून दिग्दर्शनाकडे वळला. पुढची दहा-बारा वर्षे त्याने जे चित्रपट काढले ते हिंदुस्थानी भाषेत होते, पण त्यांचे शरीर मराठी होते. तालमीतून आलेले गडी, चाळीतल्या मित्रांचा ताफा, गणपतीच्या मेळ्यातला नाच आणि गिरणीच्या सुटीनंतर येणारा प्रेक्षक ह्यांतून ते घडले. नटांच्या कपड्यांपासून जेवणापर्यंत सगळ्याची व्यवस्था भगवान स्वतः पाही, आणि पासष्ट हजारांत एक चित्रपट उरकी, असे सांगितले जाते. आकड्याची शहानिशा बाजूस ठेवली तरी पद्धतीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. १९४९ चा ‘भेदी बंगला’ ह्याच पद्धतीचा. १९५१ साली ‘अलबेला’ आला आणि भगवानचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यापूर्वी त्याचे पडदे बहुतांशी कामगार वस्तीत आणि खेड्यांत होते.

‘अलबेला’पूर्वीचे हे चित्रपट आज बहुतेक पाहावयास मिळत नाहीत. ही केवळ चित्रपटसंग्राहकांची हळहळ नव्हे. आपल्याकडे ‘प्रभात’चा इतिहास तपशिलाने लिहिला गेला आहे, कारण ‘प्रभात’च्या प्रती आहेत, जाहिराती आहेत, आठवणी लिहिणारे सुशिक्षित लोक आहेत. ‘तुकारामा’वर ग्रंथ होऊ शकतो. ज्या प्रेक्षकाने भगवानच्या मारामारीला शिट्ट्या दिल्या तो आठवणी लिहिणारा नव्हता, आणि ज्या रिळांवर त्या मारामाऱ्या होत्या ती जत्रांमधून फिरून झिजली. समीक्षक ज्याला ‘परंपरेचा अभाव’ म्हणतात तो पुष्कळदा केवळ प्रतींचा अभाव असतो.

झिजलेल्या रिळांचा मुद्दा येथेच पुढे नेणे इष्ट. पस्तीस मिलिमीटरची हजार फुटांची एक फीत पडद्यावर सुमारे अकरा मिनिटे चालते. म्हणजे सव्वादोन तासांच्या चित्रपटाला अशा बारा-तेरा फिती लागतात. शहरातील चित्रपटगृहात दोन प्रक्षेपक असत. एक संपताच दुसरा सुरू होई. तंबूवाल्यापाशी बहुधा एकच यंत्र. फीत बदलताना दिवा लागे, शेंगदाणेवाला फिरे, मुले बाहेर जाऊन येत. त्यातून त्याच्या वाट्याला आलेली प्रत शहरांत महिनोन्‌महिने चालून उतरलेली असे. फीत तुटली की तुटलेला भाग कापून टोके चिकटवायची, हा रिवाज. दर तुटण्याला काही चौकटी कायमच्या जात. ज्या कथेत नवव्या मिनिटाला मेजावर दिसलेला हातमोजा शंभराव्या मिनिटाला अर्थपूर्ण ठरावयाचा, त्या कथेचा ह्या व्यवस्थेत काय निभाव लागणार? हातमोजाच कापला गेला तर उलगडा कशाचा?

पुस्तकातील वाचक मागचे पान उलटून पाहू शकतो; तंबूतील प्रेक्षकाला तशी सोय नाही. शिवाय शेजारच्या तमाशाच्या कनातीतून ढोलकी ऐकू येते, पाळण्याचा कर्कश आवाज येतो, आणि अर्धा प्रेक्षक खेळ सुरू झाल्यानंतर येतो. येथे टिकून राहणारा चित्रपट कोणता, हे उघड आहे. ज्याचा प्रत्येक तुकडा स्वतःपुरता पुरा आहे तो. मारामारी कोठूनही पाहिली तरी मारामारीच असते, आणि फजितीला पूर्वकथा लागत नाही. रहस्य मात्र अखंडतेवर जगते. मराठी चित्रपटाचे कथानक ‘विस्कळीत’ असते, ही समीक्षकांची नेहमीची तक्रार आहे. तो विस्कळीतपणा काही अंशी प्रक्षेपणाच्या अटींतून आला, ही शक्यता त्यांनी विचारात घेतलेली दिसत नाही. मुंबईच्या वातानुकूलित चित्रपटगृहात बसून तंबूसाठी रचलेल्या कथेची बांधणी तपासणे हे अभंगाला वृत्तदोष लावण्यासारखे आहे.

ह्याचा अर्थ मराठीत रहस्यपट झालेच नाहीत असा नव्हे. राजा परांजपे ह्यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा जयंत देवकुळे ह्यांच्या कादंबरीवर बेतलेला चित्रपट इतका बंदिस्त होता की दोनच वर्षांत हिंदीने त्याचा ‘मेरा साया’ केला. परंतु तेथे शोध चालतो तो न्यायालयाच्या चौकटीत आणि पतीपत्नीच्या संशयाच्या चौकटीत. फी घेऊन शोध करणारा तिसरा माणूस तेथेही नाही.

त्याची जागा कोणी घेतली? हवालदाराने. मराठी लोकरंगभूमीवर हवालदार, कोतवाल आणि प्रधान ही राजसत्तेची जुनी सोंगे आहेत. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) ह्या लोकनाट्यात दादा कोंडके हवालदार झाले आणि त्या भूमिकेने त्यांना घडवले. ‘सोंगाड्या’ (१९७१) नंतर चार वर्षांनी त्यांनी ‘पांडू हवालदार’ काढला. भोळा पांडू आणि खाबू सखाराम (ती भूमिका अशोक सराफांची) ही जोडी ध्यानात घेण्यासारखी आहे. गुप्तहेर आणि त्याचा सहायक ह्या जोडीची मराठी चित्रपटातील खरी वंशज तीच. फरक एवढाच की, येथे दोघेही सरकारी गणवेशात आहेत. शोध लागतो तो बुद्धीने नव्हे. तो अपघाताने, धांदलीने आणि नायकाच्या निर्मळपणामुळे लागतो. प्रेक्षक हसतो तो सत्तेला, आणि तिला हसता हसता अखेरीस तिच्याच हाती चोर देतो. वगातल्या कोतवालाची जी थट्टा होई तिच्यातही हाच दुहेरीपणा होता.

सत्तरच्या दशकाच्या मध्यास महाराष्ट्र शासनाने मराठी चित्रपटांसाठी करमणूक कराच्या परताव्याची योजना आणली. पहिल्या चित्रपटावर गोळा झालेला कर पुढच्या मराठी चित्रपटासाठी निर्मात्यास परत मिळू लागला. त्यामुळे चित्रपटांची संख्या वाढली, कमी खर्चाचा विनोदपट हा सर्वांत सुरक्षित माल ठरला, आणि एकदा यशस्वी झालेला साचा पुन्हा वापरण्याकडे कल झुकला. हे स्वाभाविक होते. ज्याला पुढचा चित्रपट काढल्याशिवाय मागचा पैसा मिळत नाही तो प्रयोग करीत बसत नाही.

ह्या वातावरणात महेश कोठारे ह्यांनी ‘धूमधडाका’ (१९८५) पासून मराठी पडद्याला एक निराळा वेग दिला. ‘दे दणादण’ (१९८७) मधला शिपाई मारुतीच्या कृपेने बलवान होतो आणि लाल रंग दिसताच ते बळ गमावतो. ‘थरथराट’ (१९८९) मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे वृत्तपत्रवाला आहे, कोठारे स्वतः पोलीस अधिकारी आहेत आणि समोर राहुल सोलापूरकरांचा टकला हैवान. ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये तात्या विंचू नावाचा गुंड मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो. रामदास पाध्ये ह्यांच्या बाहुल्याने आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाने ती कल्पना मराठी बालमनात कायमची बसवली. मूळ कल्पना अमेरिकी भयपटाची, हे तेव्हाही अनेकांना ठाऊक होते. त्यामुळे काही बिघडत नाही; दातारांनीही रेनल्ड्सकडूनच घेतले होते.

कोठारे ह्यांच्या ह्या चित्रपटांत इन्स्पेक्टर आणि लक्ष्या ही वाटणी पुन:पुन्हा येते. कर्तृत्व गणवेशाकडे, प्रेम विदूषकाकडे. ‘थरथराट’मधला वृत्तपत्रवाला क्षणभर खासगी शोधकाच्या अगदी जवळ येतो. तो बातमीच्या मागे आहे, सरकारचा नोकर नाही, जिज्ञासा हेच त्याचे हत्यार. कथा त्याला तेथे टिकू देत नाही. त्याचे साहस हास्यास्पद ठरते आणि बेड्या अखेर इन्स्पेक्टरच घालतो. अर्नाळकरांच्या धनंजयाचे दोन तुकडे झाले आहेत. त्याचे धाडस अधिकाऱ्याला मिळाले, त्याची चौकस बुद्धी सोंगाड्याला मिळाली आणि तिची किंमत हशापुरती उरली. कोठारे ह्यांच्या कौशल्याबद्दल येथे तक्रार नाही. मराठी पडद्यावर त्या काळी तेवढी तांत्रिक सफाई दुसऱ्या कोणापाशी नव्हती. हिंदीत ह्याच सुमारास राज कपूर ‘दो जासूस’ (१९७५) आणि ‘गोपीचंद जासूस’ (१९८२) मध्ये बावळट का होईना, खासगी गुप्तहेर झाला होता. १९८५ मध्ये दूरदर्शनवर गाजर खाणारा करमचंद आला होता. मराठी घराघरांत तो पाहिला गेला. तरी मराठी पडदा हवालदाराला सोडेना.

तंबूच्या अटी आणि कराचा परतावा ही कारणे खरी आहेत, पण पुरी नाहीत. नातेपुते-फलटण-माण ह्या पट्ट्याचा जुना इतिहास पाहिला तर आणखी एक कारण समोर येते. ह्या मुलखाला खासगी गुप्तहेर कधी लागलाच नाही, कारण गावाचा स्वतःचा शोधक होता. पेशवाईच्या अखेरीस एल्फिन्स्टनने जी ग्रामव्यवस्था नोंदवली तीत चोरीचा माग काढण्याची रीत स्पष्ट दिसते. चोरी झाली की गावच्या राखणदाराने पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावयाचे. माग दुसऱ्या गावच्या हद्दीत शिरला की जबाबदारी त्या गावच्या राखणदारावर. जेथे माग थांबेल त्या गावाने भरपाई द्यावयाची. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात हे काम रामोश्यांकडे असे. धुळीतल्या पावलावरून माणसाची चाल, ओझे आणि वेळ ओळखणारा हा माणूस शेरलॉक होम्सच्या कितीतरी आधीचा. ‘माग’, ‘मागमूस’, ‘सुगावा’, ‘छडा’ हे रहस्यकथेचे सगळे शब्द त्याच्या धंद्यातून किंवा त्याच्या आसपासच्या व्यवहारातून आले आहेत. अर्नाळकरांना ते इंग्रजीतून भाषांतरित करावे लागले नाहीत.

ह्या शोधकाचे पुढे काय झाले? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. सोलापूर शहराजवळ काटेरी तारांच्या आत त्यांची ‘सेटलमेंट’ वसवली गेली. तेथील माणसे गिरण्यांत राबत आणि हजेरीस बांधलेली असत. ज्यांच्या हाती माग काढण्याची विद्या होती त्यांच्यापैकी कित्येकांच्याच पावलांचा माग आता पोलीस काढू लागले. कायदा १९५२ साली रद्द झाला, संशय रद्द झाला नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ (१९८७) मध्ये पोलीस येतो तेव्हा गुन्ह्याचा शोध आधीच लागलेला असतो. आरोपी ठरलेला असतो, पुरावा मागाहून शोधावयाचा असतो. लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ (१९८०) तर नातेपुत्याच्या शेजारचेच. फलटण तालुक्यातील सोमंथळी हे त्यांचे गाव. ही आत्मकथने रहस्यकथेशेजारी ठेवून वाचण्याची पद्धत आपल्याकडे नाही. ठेवली तर दिसते की एकाच व्यवहाराच्या ह्या दोन बाजू आहेत. रहस्यकथेत कोणीही गुन्हेगार असू शकतो, आणि तिची सगळी उत्कंठा ह्या गृहीतावर उभी असते. ‘उचल्या’च्या जगात गुन्हेगार कोण हे गावाला ठाऊकच असते. ज्या प्रेक्षकवर्गात हे दुसरे ज्ञान मुरलेले आहे त्याला पहिली उत्कंठा खोटी वाटणे शक्य आहे. तंबूत पुढे जमिनीवर बसलेल्या काही जणांना तरी पांडू हवालदाराच्या फजितीचे हसू येत असेल ते निराळ्या कारणाने.

शहरात खासगी तपास हा खरोखरीचा व्यवसाय झाला तो बराच उशिरा. मुंबईत रजनी पंडित ह्यांनी १९९१ साली आपली संस्था काढली. वेषांतर करून, प्रसंगी मोलकरीण होऊन त्यांनी केलेल्या तपासांच्या हकिकती वृत्तपत्रांनी रंगवून छापल्या. अशा संस्थांच्या नियमनासाठी २००७ मध्ये संसदेत विधेयक आले, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे ह्या माणसाला पडद्यावर जागा नव्हती तशी कायद्याच्या पुस्तकातही नीटशी नाही.

२०१७ साली आदित्य सरपोतदार ह्यांनी भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेला पडद्यावर आणले. अमेय वाघचा हा ‘फास्टर फेणे’ सरकारी नोकर नाही, विदूषकही नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहाराचा माग तो स्वतःच्या हिमतीवर काढतो, आणि दिलीप प्रभावळकर त्यात खुद्द भागवतांच्या रूपाने त्याला भेटतात. छापील पानाने पडद्याला दिलेले हे उशिराचे देणे होते. चित्रपट चांगला चालला, परंतु तो चालला बहुपडदा चित्रपटगृहांत, जेथे फीत नाही, तुटणे नाही आणि हातमोजा शेवटपर्यंत मेजावर राहतो. तंबू तोवर विरळ झाले होते. पस्तीस मिलिमीटरच्या प्रती निघणे त्यापूर्वीच थांबले होते, आणि जे तंबूवाले टिकले त्यांनी संगणकावर चालणारी यंत्रे घेतली. ह्या स्थित्यंतरावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया ह्यांनी काढलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) हा माहितीपट कान महोत्सवात गौरवला गेला. त्यात गंजलेली प्रक्षेपणयंत्रे भंगारात निघताना दिसतात. जत्रेतल्या प्रेक्षकाने काय पाहिले, कोणत्या तुकड्याला दाद दिली आणि कोणता तुकडा त्याच्यापर्यंत कधी पोचलाच नाही, हे सांगू शकणारी चिकटवलेली, कापलेली रिळे त्याच भंगारात आहेत. अर्नाळकरांची पुस्तके निदान जुन्या बाजारात अजून मिळतात.